पोर्टेबल सॉफ्टवेअर चालवायला पेनड्राइव्ह घेताय? पाकिटावरचा वेग बाजूला ठेवा

दुकानात 'फास्ट पेनड्राइव्ह द्या' म्हटलं की यूएसबी ३.२ छापलेलं पाकीट पुढे येतं. त्यावर ठळक अक्षरांत '१५० एमबी/सेकंदपर्यंत' असं काहीतरी असतं. सिनेमे, लग्नाचे फोटो, मोठमोठ्या झिप फाइली न्यायच्या असतील तर खुशाल घ्या. पण त्याच पेनड्राइव्हवरून पोर्टेबल फायरफॉक्स चालवायला गेलात की वैताग सुरू होतो. विंडो उघडते, पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहतो. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो, पण हे काम त्याच्या बेताचं नसतं.

कुठल्या कामाला कसला पेनड्राइव्ह लागतो, तो ओळखायचा कसा, घेतल्यावर तपासायचा कसा आणि लावायचा कसा, हे सगळं इथे क्रमाने दिलं आहे. सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

आधी ठरवा, चालवायचं काय आहे

पोर्टेबल सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरवर इन्स्टॉल न करता फोल्डरमधून थेट चालणारा प्रोग्रॅम. त्याच्या सेटिंग्ज, हिस्टरी, बुकमार्क सगळं त्याच फोल्डरात राहतं. पोर्टेबलॲप्स डॉट कॉमवरून उतरवलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमचं फोल्डर उघडून पाहा: 'ॲप' नावाच्या फोल्डरात प्रोग्रॅम आणि 'डेटा' नावाच्या फोल्डरात तुमचं सगळं. म्हणजे एरवी हार्ड डिस्कवर होणारी सगळी बारीकसारीक लिहापुशी आता पेनड्राइव्हवर होणार.

ही लिहापुशी प्रत्येक प्रोग्रॅम सारखी करत नाही. नोटपॅड++, सेव्हन-झिप, सुमात्रा पीडीएफ, इरफानव्ह्यू ही मंडळी एकदा मेमरीत चढली की पेनड्राइव्हला फारसा हात लावत नाहीत. एवढंच वापरणार असाल तर घरात पडलेला कुठलाही बरा यूएसबी ३ पेनड्राइव्ह चालेल, नवीन घेऊ नका. खरा प्रश्न फायरफॉक्ससारखे ब्राउझर, थंडरबर्डसारखे मेलचे प्रोग्रॅम आणि लिबरऑफिस, गिंप यांसारखे हजारो छोट्या फाइलींचे प्रोग्रॅम चालवताना येतो. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

४ केबीचं गणित

पाकिटावरचा आकडा एकसलग वाचनाचा असतो. एक मोठी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली तर मिळणारा वेग. ब्राउझरचं काम असं चालत नाही. तुम्ही एक पान उघडलंत की हिस्टरीत एक नोंद, कुकीजमध्ये चार, उघड्या टॅबची यादी पुन्हा जतन, असं चाललेलं असतं. नोंद चार केबीच्या आसपासची आणि डिस्कवर वेगवेगळ्या जागी. वर फायरफॉक्सचे डेटाबेस एसक्यूलाइट या पद्धतीचे असल्यामुळे महत्त्वाची नोंद खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करून मगच पुढे जातात.

म्हणून बघायचा आकडा एकच: ४ केबीच्या विखुरलेल्या लेखनाचा वेग. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये तो ०.०२ एमबी/सेकंद इतका खाली असू शकतो. सेकंदाला फक्त ५ नोंदी! शंभर छोट्या नोंदी साचल्या की २० सेकंद ब्राउझर गोठला. हाच वेग १० एमबी/सेकंद असेल तर सेकंदाला अडीच हजारांच्या आसपास नोंदी होतात आणि काही साचतच नाही. पाकिटावर मात्र दोन्हीकडे '१५० एमबी/सेकंद' छापलेलं असू शकतं.

इतका फरक पडतो कशामुळे? पेनड्राइव्हच्या आतल्या फ्लॅश मेमरीत लिहायचं ते पानापानाने, आणि पान असतं काही केबींचं. पुसायचं मात्र अख्ख्या ब्लॉकनेच, आणि तो असतो काही एमबींचा. साध्या पेनड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे मेमरीत काय कुठे लिहायचं ते ठरवणारी चिप, स्वस्तातला असतो. एक छोटी नोंद बदलायची तर तो ब्लॉकमधला चालू मजकूर उचलतो, बदल करतो आणि सगळं दुसऱ्या कोऱ्या ब्लॉकमध्ये लिहितो. फळ्यावरचा एक शब्द बदलायला अख्खा फळा नव्याने लिहावा, तसं. एसएसडीमधला (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या फ्लॅश मेमरीच्या डिस्कमधला) कंट्रोलर प्रत्येक छोटी नोंद कुठे आहे त्याचा तक्ता ठेवतो, नवी नोंद मोकळ्या पानावर टाकतो आणि पुसण्याचं काम सवडीने करतो. आपल्याला हवा आहे तो एसएसडीचा कंट्रोलर, मग तो पेनड्राइव्हच्या अंगात असो की दुसऱ्या कशात.

काय घ्यावं

सर्वांत सोयीचा पर्याय म्हणजे एसएसडीच्या जातीचे पेनड्राइव्ह. सॅनडिस्क एक्स्ट्रीम प्रो (यूएसबी ३.२, वाचन ४२० आणि लेखन ३८० एमबी/सेकंदपर्यंत), किंग्स्टन डेटाट्रॅव्हलर मॅक्स (१००० आणि ९००), ट्रान्सेंड ईएसडी३१० (१०५० आणि ९५०) ही त्यातली ओळखीची नावं. हे आकडे कंपन्यांनी दिलेले कमाल वेग आहेत. पोर्टेबल सॉफ्टवेअरसाठी ४०० आणि १००० मधला फरक तुम्हाला जाणवणारही नाही, कारण खेळ ४ केबीचा आहे. स्वस्त मिळेल तो घ्या.

नावं नीट वाचून घ्या. एकाच कंपनीचे 'अल्ट्रा', 'एक्स्ट्रीम' आणि 'एक्स्ट्रीम प्रो' दिसायला भावंडं वाटतात, आतून वेगळे असतात. ओळखायची साधी खूण अशी: पाकिटावर वाचन आणि लेखन दोन्ही वेग दिलेत का ते पाहा. फक्त वाचनाचा दिला असेल तर लेखनाचा दाखवण्याजोगा नाही असं समजा. लेखन वाचनाच्या जवळपास असेल तर आत बरा कंट्रोलर असण्याची शक्यता वाढते. खात्री मात्र खरेदीदारांनी टाकलेल्या क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्क्रीनशॉटनेच होते. त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचायची.

दुसरा पर्याय दिसायला बोजड, पण पैशाला भारी: केसमध्ये बसवलेला एसएसडी. लॅपटॉप अपग्रेड केल्यावर निघालेला १२० किंवा २४० जीबीचा २.५ इंची साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीचा) एसएसडी घरात पडला असेल तर साटा-यूएसबी ३.० केबल आणा, काम झालं. नवा घ्यायचा असेल तर एम.२ एनव्हीएमई (छोट्या पट्टीच्या आकाराचा, नव्या वेगवान जोडणीचा एसएसडी) आणि त्याची केस. रिअलटेक आरटीएल९२१०बी चिप असलेली केस घेतली तर साटा आणि एनव्हीएमई दोन्ही प्रकारचे एम.२ एसएसडी तिच्यात चालतात. अडचण वीजपुरवठ्याची येते. यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअर मिळतात आणि ३.० मधून ९००. एनव्हीएमई एसएसडी जुन्या पोर्टला लावला तर मध्येच गायब होतो, परत दिसतो, कॉपी अर्धवट राहते. जुन्या कॉम्प्युटरवर जास्त काम असेल तर एसएसडीच्या जातीचा पेनड्राइव्ह बरा.

क्षमता १२८ जीबी पुरते. ब्राउझर, ऑफिस, मेल आणि दहाबारा छोटी सॉफ्टवेअर मिळून सहसा १० जीबीच्या आत बसतात. उरलेली जागा वाया जात नाही, मोकळी जागा असली की कंट्रोलरला हातपाय हलवायला वाव मिळतो. २० टक्के तरी कायम मोकळी ठेवा. ९५ टक्के भरलेला चांगला पेनड्राइव्हही रडतो.

नावांचा घोळ आणि पोर्ट

२००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चं पुढे ३.१ जेन १ असं नामकरण झालं आणि मग ३.२ जेन १. तिन्ही एकच, वेग सेकंदाला ५ गिगाबिट. १० गिगाबिट हवे असतील तर 'जेन २' लिहिलेलं लागतं. 'टाइप-सी' हा फक्त आकार आहे, त्यावरून वेग कळत नाही. टाइप-सीचा ड्राइव्ह जुन्या पोर्टला लावायचं स्वस्त कनेक्टर पुष्कळदा यूएसबी २.० चंच निघतं.

यूएसबी २.० मधून प्रत्यक्षात ३५-४० एमबी/सेकंदच्या वर काही मिळत नाही. तेव्हा पोर्ट निळा आहे का, किंवा शेजारी 'एसएस' अशी खूण आहे का ते पाहा. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टांवर विसंबू नका. आतली वायर मदरबोर्डला नीट जोडलेली असेलच असं नाही, मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. आणखी एक गंमत आहे. यूएसबी ३ च्या प्लगमध्ये पुढे चार आणि आत पाच पिना असतात. पेनड्राइव्ह हळूहळू सरकवला तर पुढच्या चार आधी टेकतात आणि कॉम्प्युटर त्याला यूएसबी २ समजून बसतो. वेग अचानक कमी वाटला तर काढा आणि एका झटक्यात पूर्ण आत ढकला.

पेनड्राइव्ह लावल्यावर वायरलेस माउस अडखळायला लागला तर माउसचा सेल बदलू नका. यूएसबी ३ मधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि माउसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात चालतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

घेतल्यावर लगेच तपासा

ऑनलाइन मागवा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत दोन चाचण्या कराच. पाचशे रुपयांत २ टीबी असं दिसलं तर चाचणीचीही गरज नाही, तो नकली आहे. अशा पेनड्राइव्हच्या कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. खरी क्षमता भरली की पुढचा डेटा जुन्यावर चढतो किंवा हवेत जातो, आणि फाइलींची नावं मात्र जागच्या जागी दिसत राहतात.

पहिली चाचणी क्षमतेची, एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने. लिनक्सवर किंवा मॅकवर असाल तर एफ३.

१. पेनड्राइव्ह रिकामा करून घ्या. प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या डिस्कवरून चालवा.
२. भाषा इंग्रजी करा, टार्गेटमध्ये पेनड्राइव्ह निवडा, 'ऑल अव्हेलेबल स्पेस' ठेवा.
३. 'राइट + व्हेरिफाय' दाबा आणि दुसऱ्या कामाला लागा. ६४ जीबीचा साधा पेनड्राइव्ह २० एमबी/सेकंदने लिहीत असेल तर नुसतं लिहायलाच पाऊण-एक तास जातो.
४. शेवटी 'टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स' आलं तर क्षमता खरी. 'डेटा लॉस्ट' आलं तर फॉरमॅट करत बसू नका, परत करा.

या चाचणीत आणखी एक गोष्ट फुकटात कळते. सुरुवातीला लेखनाचा वेग २०० दाखवतो आणि काही जीबी लिहून झाल्यावर धाडकन २५ वर येतो. आतला वेगवान राखीव भाग भरला की असं होतं. पोर्टेबल सॉफ्टवेअरच्या वापरात एका दमात एवढं लिहिलं जात नाही, त्यामुळे तेवढ्यावरून पेनड्राइव्ह नाकारू नका.

दुसरी चाचणी क्रिस्टलडिस्कमार्कची. वरच्या पट्टीत चाचण्यांची संख्या ३, आकार १ जीआयबी आणि पेनड्राइव्हचं अक्षर निवडून 'ऑल' दाबा. चार ओळी येतील. पहिली ओळ एकसलग वेगाची. ती ४० च्या आसपास थांबली तर तुम्ही यूएसबी २ पोर्टमध्ये आहात, जागा बदलून पुन्हा करा. शेवटची ओळ 'आरएनडी४के क्यू१टी१', आणि तिच्यातला उजवीकडचा 'राइट'चा आकडा आपल्या कामाचा. ०.१ च्या खाली असेल तर ब्राउझर विसरा. १ ते ३ मध्ये निभावतं. ५ च्या वर असेल तर निवांत, १० च्या वर गेला तर प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर आहे हे विसरायला होतं. आपली निवड चुकली की बरोबर आली, हे या एका आकड्यावर ठरवा.

एसएसडीच्या जातीचा पेनड्राइव्ह 'धिस पीसी'मध्ये रिमूव्हेबलऐवजी लोकल डिस्क म्हणून दिसला तर घाबरू नका, तो तसाच दिसतो. तो नीट जोडला गेलाय का हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टोरेज कंट्रोलर्स'खाली कळतं. तिथे 'यूएसबी अटॅच्ड स्कझी (यूएएस) मास स्टोरेज डिव्हाइस' आलं म्हणजे ड्राइव्ह नव्या पद्धतीने बोलतोय आणि एकाच वेळी अनेक मागण्या घेऊ शकतो.

फॉरमॅट कुठला

बाजारातून येतो तो पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट या फॉरमॅटचा (फाइली मांडायच्या पद्धतीचा) असतो. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हीवर लिहितो, पण ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोज १२८ केबीचं ॲलोकेशन युनिट (फाइलीला दिली जाणारी सर्वांत छोटी जागा) देतं. म्हणजे १ केबीची फाइलही १२८ केबी जागा अडवते. सरासरी अर्धं युनिट वाया जातं असं धरलं तरी १०,००० छोट्या फाइलींमागे सव्वासहाशे एमबी नुसते हवेत. लिबरऑफिस आणि गिंप दोन्ही टाकलेत की हा हिशोब डोळ्यांसमोर दिसतो.

फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस घ्या. युनिट ४ केबीचं असतं आणि लिहिताना वीज गेली तर जर्नलमुळे (बदलांच्या आधी ठेवलेल्या नोंदीमुळे) फोल्डरांची मोडतोड सहसा टळते. किंमत म्हणून लेखन थोडं वाढतं, ते एसएसडीच्या जातीला झेपतं, साध्या पेनड्राइव्हला जड जातं. मॅकवर एनटीएफएस नुसता वाचता येतो. मॅकही वापरात असेल तर एक्सफॅटच ठेवा, पण फॉरमॅटच्या खिडकीत ॲलोकेशन युनिट १६ किंवा ३२ केबी करून घ्या.

फॉरमॅटची रीत: 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक, 'फॉरमॅट', फाइल सिस्टिम आणि युनिट निवडा, 'क्विक फॉरमॅट'ची खूण राहू द्या, 'स्टार्ट'. त्याआधी ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचा. इतर टूलने पार्टिशन पुसून नव्याने करायची हौस टाळा, कारखान्यातून आलेली पार्टिशनची जुळणी बिघडली तर छोट्या लेखनाचा वेग खाली येतो.

एनटीएफएस ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'ॲक्सेस डिनाइड' म्हणाला तर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी'त जाऊन 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' द्या.

विंडोजची एक सेटिंग, फायरफॉक्सच्या दोन

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पेनड्राइव्हला 'क्विक रिमूव्हल' हे धोरण आपोआप लागतं. लिहिलेलं साठवून न ठेवता लगेच उतरवायचं, म्हणजे कधीही उपटला तरी नुकसान कमी. स्वतःच्या कॉम्प्युटरवर डिव्हाइस मॅनेजर, 'डिस्क ड्राइव्ह्ज', ड्राइव्हवर दोनदा क्लिक, 'पॉलिसीज' असं जाऊन 'बेटर परफॉर्मन्स' करता येतं. वेग वाढतो, पण मग दरवेळी 'सेफली रिमूव्ह' सक्तीचं. घरात दुसरं कुणी पेनड्राइव्ह सरळ ओढून काढत असेल तर हा बदल करू नका.

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत about:config टाइप करून 'अबाउट:कॉन्फिग' उघडा. 'ब्राउझर.कॅश.डिस्क.एनेबल' हे 'फॉल्स' करा, म्हणजे कॅश (पानांची तात्पुरती साठवण) पेनड्राइव्हऐवजी कॉम्प्युटरच्या मेमरीत राहील. 'ब्राउझर.सेशनस्टोअर.इंटरव्हल' मुळात १५,००० मिलिसेकंद असतं, म्हणजे दर १५ सेकंदांनी उघड्या टॅबची नोंद होऊ शकते. ते ३,००,००० करा, दर पाच मिनिटांनी एकदा पुरे. ब्राउझर कोसळला तर शेवटच्या पाच मिनिटांतले टॅब जातील, एवढंच. साध्या पेनड्राइव्हवर अडकलेल्यांना या दोन बदलांनी चांगला दिलासा मिळतो.

फायरफॉक्सची विंडो बंद केल्यावर लगेच पेनड्राइव्ह काढू नका. विंडो गेली तरी प्रोग्रॅम काही सेकंद मागे चालू राहून डेटाबेस आवरतो. 'डिव्हाइस इज इन यूज' असा निरोप येतो तो यामुळेच. दिवा लुकलुकायचा थांबला, टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्स दिसेनासा झाला, की काढा. त्यानंतरही निरोप आला तर एक्सप्लोररची खिडकी त्याच ड्राइव्हवर उघडी राहिली असेल.

परक्या कॉम्प्युटरवर

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत लावलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसणं हा जुना रोग अजून गेलेला नाही. फोल्डर लपवलेलं असतं आणि त्याच नावाचा शॉर्टकट व्हायरस चालवतो. एक्सप्लोररमध्ये 'डिटेल्स' दृश्य कायमचं ठेवा. 'टाइप'च्या रकान्यात 'फाइल फोल्डर'ऐवजी 'शॉर्टकट' आणि शेजारी १-२ केबी आकार दिसला की क्लिक न करता आधी अँटिव्हायरस फिरवा. प्रिंटसाठी वेगळा जुना ४-८ जीबीचा पेनड्राइव्ह ठेवणं सर्वांत उत्तम. सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह तिथे नेऊच नका.

पोर्टेबल ब्राउझर वापरला म्हणजे पासवर्ड सुरक्षित, हाही गैरसमज आहे. त्या कॉम्प्युटरवर कीलॉगर (दाबलेली प्रत्येक कळ चोरून नोंदवणारा प्रोग्रॅम) असेल तर तुम्ही टाइप केलेलं त्याला मिळतंच. बँकेचं काम तिथे करू नये. बऱ्याच ऑफिसांत, बँकांत तर पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालवणंच बंद केलेलं असतं. तिथे आयटीवाल्यांची परवानगी घ्या, आडवाटा शोधू नका.

प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना खूप वेळ लागला आणि दुसऱ्यांदा पटकन उघडला तर पहिल्या वेळी बहुधा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत होता. त्यात पेनड्राइव्हचा दोष नाही.

गरम होणं, झिजणं, बॅकअप

धातूच्या अंगाचे छोटे वेगवान पेनड्राइव्ह हाताला चटका बसेल इतके तापतात. सलग मोठी कॉपी चालू असताना तापून वेग कमी करून घेतात. लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्याशेजारचा पोर्ट तेवढा टाळा.

मरताना बरेच पेनड्राइव्ह स्वतःला 'राइट प्रोटेक्टेड' करून घेतात: वाचता येतं, लिहिता येत नाही. इंटरनेटवर त्यावर उपायांचे ढीग आहेत. अंगावर लॉकचं बटण नसेल आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच होत असेल तर हातात आहे तेवढ्या वेळात सगळं उतरवून घ्या आणि वॉरंटीत बदला. एसएसडीच्या जातीचे बरेच ड्राइव्ह क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आपली तब्येत दाखवतात. साधे पेनड्राइव्ह काहीच न सांगता जातात.

बॅकअपसाठी हजारो छोट्या फाइली जशाच्या तशा कॉपी करू नका. पेनड्राइव्हवरचे सगळे प्रोग्रॅम बंद करा, सेव्हन-झिप उघडा, 'पोर्टेबलॲप्स' फोल्डर निवडा आणि झिप थेट कॉम्प्युटरच्या डिस्कवर बनवा. ब्राउझर उघडा ठेवून घेतलेल्या कॉपीत डेटाबेस अर्धवट येऊ शकतो आणि ते कळतं परत आणताना. आठवड्यातून एकदा, तारीख घातलेल्या नावाने. जुन्या दोन-तीन प्रती राहू द्या. शेवटच्या प्रतीतच बिघाड गेला असेल तर त्याआधीची लागते.